बाजारातले तीन लेव्हल शिफ्टर: कुठला कुठे चालतो, कुठे रडवतो

लेव्हल शिफ्टर म्हणजे एका व्होल्टेजवरचा सिग्नल दुसऱ्या व्होल्टेजच्या यंत्राला चालेल असा करून देणारा बोर्ड. निकाल आधीच सांगून टाकतो. चार मॉस्फेटचा (ट्रान्झिस्टर स्विचचा) तो छोटासा बोर्ड आय-टू-सीसाठी (दोन वायरींवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) डोळे झाकून घ्या. यूआर्टसाठी (पाठवायला एक वायर, घ्यायला एक, अशी साधी सिरियल जोडणी) घ्यायचा असेल तर बॉड रेट (सेकंदाला किती बिट) आणि वायरची लांबी बघून घ्या. टीएक्सएस०१०८ई चा आठ चॅनेलवाला बोर्ड ब्रेडबोर्डवरच्या वीतभर वायरींपुरता उत्तम आहे, केबलला मात्र जोडू नका. आणि समोरचं यंत्र आरएस-२३२ वर (जुन्या यंत्रांच्या सिरियल पद्धतीवर) बोलत असेल, तर या दोघांचा काही उपयोग नाही. तिथे मॅक्स३२३२ चा बोर्डच लागतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘लेव्हल कन्व्हर्टर द्या’ एवढंच म्हटलं, की काउंटरवरचा माणूस यातला जो हाताशी असेल तो पुढे करतो. त्यात त्याची चूक नाही, तिन्हींना हेच नाव आहे. ‘शिफ्टर खराब निघाला’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेक ठिकाणी बोर्ड ठणठणीत असतो, फक्त त्याला दुसऱ्याच लाइनवर बसवलेलं असतं. म्हणून खरेदीआधी पाच मिनिटं मल्टिमीटर हातात घ्यावा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब यंत्राच्या ग्राउंडला, लाल प्रोब त्याच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) पिनला. यंत्र चालू असू द्या, पण डेटा पाठवत नसावं. लाइन रिकामी असताना दिसणारा आकडाच सगळं सांगतो. ५ च्या आसपास असेल तर जुनी टीटीएल (५ व्होल्ट लॉजिकची) किंवा आर्डुइनो उनो वर्गातली लाइन. ३.३ असेल तर ईएसपी३२, रास्पबेरी पाय, बहुतेक जीपीएस आणि एचसी-०५ ब्लूटूथ. २.८ दिसलं तर सिम८००एल सारखा मोडेम. १.८ असेल तर नव्या पिढीचा सेल्युलर मोड्यूल, त्याला वेगळं वागवायचं, ते पुढे येतंच. आकडा उणे आला, म्हणजे उणे ५ ते उणे १२ च्या मधे कुठेतरी, तर ती आरएस-२३२ आहे. तिच्यात रिकामी लाइन उणे असते आणि लॉजिक शून्य म्हणजे अधिक व्होल्टेज. ती नुसती मोठी नाही, उलटीही आहे. दोन रेझिस्टर लावून ती ‘कमी’ केली तरी अक्षरं कचराच येणार, आणि उणे बाजू पिनच्या संरक्षक डायोडवर जाईल ते वेगळंच. शून्याजवळ हलता आकडा आला तर बहुधा प्रोब आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनवर आहे.

आता चार चॅनेलच्या बोर्डाकडे येऊ. किरकोळीत पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो. नखाएवढ्या बोर्डावर चार तीन-पायी एसओटी-२३ मॉस्फेट आणि आठ रेझिस्टर, बस्स. रेझिस्टरवर १०३ किंवा १००२ छापलेलं असतं, दोन्हीचा अर्थ १० किलोओहम. हे सर्किट मूळ फिलिप्सचं. आय-टू-सीच्या दोन वेगळ्या व्होल्टेजच्या बस जोडण्यासाठी त्यांनी ते काढलं, आणि पुढे एनएक्सपीच्या एएन१०४४१ या अ‍ॅप्लिकेशन नोटमध्ये तेच आलं. मॉस्फेटच्या तीन पायांपैकी गेट एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) सप्लायला, सोर्स एलव्हीच्या सिग्नलला, ड्रेन एचव्हीच्या (जास्त व्होल्टेजच्या) सिग्नलला, आणि दोन्ही सिग्नलना आपापल्या सप्लायकडे १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर. कुठल्याही बाजूने लाइन खाली ओढली की दुसरी बाजूही खाली येते. सोडली की दोन्ही आपापल्या पुल-अपने वर जातात.

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. वर जाताना लाइनला कुणी ढकलत नाही, ती रेझिस्टरमधून हळूहळू भरते. खाली मात्र झटक्यात येते. आय-टू-सी जन्मतःच तसंच चालतं, म्हणून तिथे हा बोर्ड चपखल बसतो. यूआर्टमध्ये मात्र टीएक्स पिन दोन्ही दिशांना जोर लावणारी असते, आणि हा बोर्ड तिचा वर जाण्याचा जोर पलीकडे पोचवतच नाही.

किती फरक पडतो ते हिशेबानेच बघा. बोर्ड, पिन आणि छोट्या जम्पर मिळून लाइनची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरा. १० किलोओहम गुणिले ५० पिकोफॅरड म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद, हा टाइम कॉन्स्टंट. सप्लायच्या ७० टक्क्यांपर्यंत चढायला याच्या १.२ पट वेळ लागतो, म्हणजे ०.६ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि ११५२०० ला ८.६८ मायक्रोसेकंदांचा, तेव्हा दोन्हीकडे काही बिघडत नाही. ९२१६०० ला बिटच १.०८ मायक्रोसेकंदांचा आहे, तिथे अर्ध्याहून जास्त बिट चढण्यातच जातो. रिसीव्हर साधारण बिटच्या मध्यावर वाचतो, म्हणजे तिथे हा बोर्ड संपला.

आता याच बोर्डाच्या एचव्ही बाजूला पाच मीटर नेटवर्क केबल जोडा. कॅट-५ई मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरते, पाच मीटरला २५०, वर बाकीचं ५०. तीनशे पिकोफॅरडला टाइम कॉन्स्टंट ३ मायक्रोसेकंद आणि ७० टक्क्यांना ३.६. ११५२०० च्या बिटचा मध्य ४.३४ वर येतो. कागदावर जेमतेम सुटलं, पण दोन्हीकडच्या क्लॉकमधला एखाद-दोन टक्क्यांचा फरक त्यात मिळवला की बाइटच्या शेवटच्या बिटांना चुका यायला लागतात. ‘टेबलावर चालतं, पॅनेलमध्ये बसवलं की अधूनमधून कचरा येतो’ याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

उपायही स्वस्त आहे. एचव्ही पिन आणि एचव्ही सप्लाय यांच्यामध्ये बाहेरून २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. बोर्डावरच्या १० किलोओहमशी समांतर होऊन १.८ किलोओहम उरतो आणि तोच टाइम कॉन्स्टंट ३ वरून ०.५४ मायक्रोसेकंदांवर येतो. लाइन खाली ओढणाऱ्या पिनला आता साधारण ३ मिलिअँपिअर घ्यावे लागतील. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला ते जड नाहीत. आय-टू-सीच्या साध्या उपकरणांना मात्र ३ मिलिअँपिअर हीच मर्यादा असते, म्हणून तिथे याहून खाली उतरू नका. शिवाय आय-टू-सीच्या एलसीडी बॅकपॅकवर आणि घड्याळाच्या बोर्डावर बहुधा आधीच ४.७ किलोओहमचे पुल-अप असतात. असे तीन-चार बोर्ड एका बसवर आले की पुल-अप लावायचे नसून काढायचे असतात. उलट एकही नसेल आणि लाइनवर १०० पिकोफॅरड असतील, तर १० किलोओहमवर चढायला सुमारे ८५० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १००० पर्यंत चालतात, ४०० किलोहर्ट्झला मर्यादा ३०० ची. तिथेही बाहेरून २.२ किलोओहम लावला की काम होतं.

ऑसिलोस्कोप नसेल तर यूआर्टची लाइन साध्या मीटरनेही तपासता येते. इंग्रजी मोठं ‘यू’ हे अक्षर सलग, मधे न थांबता पाठवत राहा. त्याचा कोड हेक्समध्ये ५५. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून दहा बिट एकाआड एक शून्य-एक असे पडतात, म्हणजे बरोब्बर अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली. डीसी मीटर सरासरी दाखवतो. ३.३ च्या बाजूला १.६५ आणि ५ च्या बाजूला २.५ यायला हवं. ५ च्या बाजूला २.१ किंवा २.२ दिसलं तर लाइन चढायला उशीर करते आहे, पुल-अप कमी करा. ०.४ वगैरे आलं तर लाइन कुठेतरी खाली अडकली आहे. २.५ पेक्षा स्पष्ट जास्त आलं तर डेटा सलग जात नाही, दोन बाइटांमध्ये रिकामी जागा राहते आहे. प्रोग्रॅम तपासा.

जोडणीतल्या चुकाही व्होल्टेजवरून ओळखता येतात. एचव्ही आणि एलव्ही सप्लाय अदलाबदल झाले असतील, तर सिग्नल पिना मोकळ्या ठेवून मोजा. दोन्ही बाजूंना ३.८ ते ४.५ च्या दरम्यान काहीतरी दिसेल. मॉस्फेटचा आतला डायोड सोर्सकडून ड्रेनकडे वाहतो आणि दोन सप्लाय दोन रेझिस्टरमधून एकमेकांना भिडतात. नीट जोडलेला असेल तर एकीकडे ३.३ आणि दुसरीकडे ५ असा स्वच्छ आकडा येतो. एलव्हीची वायर लावायचीच राहिली तर गंमत होते: काही काळ सगळं चालतं. ईएसपी३२ ची टीएक्स पिन रिकामी असताना ३.३ वर असते आणि तिच्या १० किलोओहममधून एलव्हीची पट्टी भरत राहते. बोर्डावर कपॅसिटर नसल्यामुळे टीएक्स खाली गेली की पट्टीही ढासळते आणि मधलेच बाइट गळतात. वेळ खाणारा दोष आहे, म्हणून प्रोग्रॅममध्ये डोकं घालण्याआधी एलव्ही आणि एचव्ही पिनांवर प्रत्यक्ष मोजून घ्या.

त्याच डायोडमुळे आणखी एक त्रास. पाच व्होल्टचा सप्लाय बंद आणि ३.३ चा चालू, अशी वेळ आली की ३.३ ची टीएक्स पिन डायोडमधून पलीकडच्या आरएक्स पिनवर आणि तिथून त्या चिपच्या संरक्षक डायोडमधून तिच्या सप्लायवर करंट सोडते. मग ‘बंद’ केलेला आर्डुइनो अर्धवट जिवंत राहतो, दिवा मिणमिणतो आणि परत चालू केल्यावर नीट रीसेट होत नाही. दोन्ही सप्लाय एकाच स्विचवर घेता येत नसतील, तर ३.३ च्या टीएक्सला १ किलोओहम मालिकेत लावा. उलट बाजूने, म्हणजे ३.३ बंद आणि ५ चालू असताना, हा त्रास होत नाही. तेव्हा मॉस्फेट बंद असतो. रेझिस्टर डिव्हायडरला (दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करण्याला) हे सुख नाही.

ग्राउंडच्या दोन पिना बोर्डावर आतून एकमेकींना जोडलेल्या असतात आणि या सर्किटला स्वतःला ग्राउंड लागतच नाही. लागतं ते दोन्ही यंत्रांचं ग्राउंड एकमेकांशी. ते दुसरीकडून जोडलेलं असेल तर बोर्डावरचं मोकळं राहिलं तरी चालतं. कुठूनच जोडलेलं नसेल तर मात्र काही म्हणजे काही चालत नाही.

घेताना भिंगातून मॉस्फेटवरचं छापील बघा. बीएसएस१३८ वर बहुधा जे१ किंवा एसएस असतं. ७०२ किंवा ७२ असेल तर तो २एन७००२. ३.३ ते ५ साठी तोही बहुतेक वेळा चालून जातो. १.८ च्या मोडेमला तो घेऊ नका: चालू व्हायला त्याच्या गेटला १ ते २.५ व्होल्टपर्यंत काहीही लागू शकतं, तर बीएसएस१३८ ला ०.८ ते १.५. १.८ वर बीएसएस१३८ चीसुद्धा ओढाताणच असते. आणखी एक, बोर्डावर पिनांची नावं टीएक्सआय, टीएक्सओ, आरएक्सआय, आरएक्सओ अशी असतील तर ते जुनं डिझाइन. त्यात आरएक्सचे दोन चॅनेल नुसते डिव्हायडर असतात, वरून खाली एवढीच वाट. यूआर्टला पुरतं, आय-टू-सीच्या एसडीएला (डेटाच्या लाइनला) लावलं की गळफास. हेडर पिना आपणच सोल्डर करायच्या असतात, आणि बोर्ड इतका लहान की ड्राय सोल्डर सहज राहून जातो. आमच्याकडून गुण: आय-टू-सीला पाचपैकी साडेचार, यूआर्टला तीन, एसपीआयला (वेगवान सिरियल बसला) एक.

टीएक्सएस०१०८ई चा बोर्ड दिसायला भारदस्त, आठ चॅनेल, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप (किंवा तिच्या नावाची). लाइन वर जाऊ लागली की चिप ते ओळखते आणि क्षणभर जोराचा धक्का देऊन तिला पूर्ण वर नेते. त्यामुळे मॉस्फेटवाल्या बोर्डाचा सुस्तपणा यात नाही. ९२१६०० बॉड आणि त्याहून वेगवान काम छोट्या वायरींवर स्वच्छ होतं. पण हाच गुण लांब केबलवर दोष ठरतो. वेगवान धक्का केबलच्या टोकाला आपटून परततो, लाइन थरथरते, आणि त्या थरथरीला चिप नवी कड समजून पुन्हा धक्का देते. एकाच कडेचे दोन-तीन पल्स होतात. अर्ध्या मीटरपेक्षा लांब वायरला हा बोर्ड लावायचाच नाही, असा नियम ठेवा.

या बोर्डाच्या तक्रारी बहुतेक दोनच. पहिली, ओई (आउटपुट इनेबल) पिन मोकळी सोडलेली. तिला व्हीए (कमी व्होल्टेजच्या बाजूच्या) सप्लायला बांधल्याशिवाय सगळ्या लाइनी बंद असतात. हाताच्या स्पर्शाने कधी चालू, कधी बंद अशी लक्षणं दिसली तर दुसरीकडे बघूच नका. दुसरी, व्हीए ला ५ आणि व्हीबी ला ३.३. नियम असा की व्हीए कधीही व्हीबी पेक्षा जास्त नको आणि ३.६ च्या वर नको. शिवाय सप्लायच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर दोन्हीकडे आपण लावावा. लाइनीवर एलईडी लटकवू नका, आतला पुल-अप फक्त काही किलोओहमचा असतो आणि एलईडी त्याला खाली ओढते.

आणि नावात फसू नका: टीएक्सबी०१०८ नावाचा सख्खा भाऊ त्याच शेल्फवर असतो. त्याचा आउटपुट फार कमजोर असतो, लाइनवर ५० किलोओहमपेक्षा लहान पुल-अप चालत नाही. यूआर्ट, एसपीआय ठीक, आय-टू-सी अजिबात नाही. दुकानदार दोन्ही एकाच डब्यात ठेवतो, तुम्ही चिपवरचं वाचा.

आरएस-२३२ वाल्यांसाठी मॅक्स३२३२ चा डीबी-९ (नऊ पिनांच्या कनेक्टरचा) बोर्ड. वजनकाट्याचे इंडिकेटर, सीएनसी, जुनी पीएलसी, एनर्जी मीटर, इथे आजही हीच भाषा चालते. स्टँडर्ड १९६० सालचं आहे आणि हटायचं नाव घेत नाही. चिपच्या पोटात चार्ज पंप असतो. चार छोट्या कपॅसिटरच्या जोरावर तो ३.३ व्होल्टमधून सुमारे अधिक ५.५ आणि उणे ५.५ तयार करतो. म्हणून दोष शोधताना काळा प्रोब ग्राउंडला ठेवून लाल प्रोब आधी चिपच्या पिन २ वर, मग पिन ६ वर. मॅक्स३२३२ असेल तर साधारण +५.५ आणि −५.५. जुना ५ व्होल्टचा मॅक्स२३२ असेल तर +८ ते ९ आणि तेवढंच उणे. पिन २ बरोबर आणि पिन ६ शून्याजवळ असेल तर पिन ४-५ मधला किंवा पिन ६ चा कपॅसिटर सुटलेला. पिन २ वर सप्लायइतकंच व्होल्टेज असेल तर पंप चालतच नाही, आधी पिन १-३ मधला कपॅसिटर बघा, मग चिपवर शंका घ्या.

मॅक्स२३२ डीआयपी (लांब पायांची सुटी चिप) घेऊन स्वतः जोडणाऱ्यांकडून हमखास होणारी चूक पिन ६ ची. तिथे उणे व्होल्टेज असल्यामुळे इलेक्ट्रोलिटिकचं अधिक टोक ग्राउंडला जातं. सवयीने उलटं लावलं की कपॅसिटर गरम होतो आणि आउटपुट बसतो. मॅक्स२३२ ला १ मायक्रोफॅरड लागतात, मॅक्स२३२ए आणि ३.३ वर चालणाऱ्या मॅक्स३२३२ ला ०.१ पुरतात. साधा मॅक्स२३२ ३.३ व्होल्टवर चालवायला जाऊ नका, पंप उठतो पण पोचत नाही.

सप्लाय ठरवताना काळजी घ्या. बोर्डाला जो सप्लाय द्याल, त्याच लेव्हलवर त्याचा टीटीएल (मायक्रोकंट्रोलरकडचा) आउटपुट येतो. रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ जोडायचा आणि बोर्डाला मात्र ५ व्होल्ट, असं केलं तर आरएक्स पिनवर सरळ ५ येतात. दोघांच्या पिना ५ सोसण्यासाठी बनलेल्या नाहीत. बोर्डाला ३.३ च द्या, काम तेवढंच चांगलं होतं.

टीएक्स-आरएक्सच्या नावांचा घोळ या बोर्डांवर नेहमीचाच. कुठे ‘टीएक्सडी’ म्हणजे बोर्डाचा आउटपुट, कुठे ‘तुमची टीएक्स इथे लावा’. ओळखायचं असं: सप्लाय द्या, बाकी काही जोडू नका, आणि पिनपासून ग्राउंडला १० किलोओहम लावून मोजा. ३.३ तसंच टिकलं तर तो आउटपुट. आरएस-२३२ चा इनपुट मोकळा असताना आतल्या ५ किलोओहमने खाली राहतो, म्हणून त्याचा उलटा आउटपुट वर असतो. व्होल्टेज कोसळलं तर तो इनपुट. मग त्या इनपुटला ३.३ ला टेकवा आणि डीबी-९ वर पिन ५ च्या सापेक्ष मोजा: फिमेल कनेक्टर असेल तर बहुधा पिन २ वर सुमारे −५.५ दिसेल. ग्राउंडला टेकवा, +५.५ दिसेल. एवढं दिसलं की बोर्ड पास. समोरचं यंत्र जोडल्यावर हे आकडे ±५ च्या आत यायला नकोत. ±३ पर्यंत घसरले तर कपॅसिटर तरी हलके आहेत किंवा चिप तरी.

चिपबद्दल थोडं सावध राहा. मॅक्स३२३२ च्या नावाने नकली चिपा भरपूर फिरतात. अस्सल चिप लोडशिवाय १ मिलिअँपिअरही घेत नाही, बोर्डावरचा दिवा धरून काही मिलिअँपिअर. बोर्डाच्या सप्लायमध्ये मीटर लावला आणि चाळीस-पन्नास दिसले, चिपवर बोट ठेवल्यावर चटका बसला, तर तो बोर्ड यंत्राला जोडू नका. वेगाचीही मर्यादा आहे: मॅक्स२३२ ची हमी १२० किलोबिटपर्यंतच, टेक्सासच्या मॅक्स३२३२ ची २५० पर्यंत. ११५२०० च्या वर जायचं असेल तर डेटाशीट बघूनच घ्या.

लेव्हल सगळ्या बरोबर आणि तरी काट्याकडून वजन चुकीचं येतंय? शिफ्टरला दोष देण्याआधी आलेले आकडे नीट बघा. ०, ३, ५, ६, ९ स्वच्छ येतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा, असं असेल तर यंत्र ७ बिट इव्हन पॅरिटीवर (चूक तपासायचा एक जादा बिट जोडून) पाठवतंय आणि तुम्ही ८ बिट नो पॅरिटीवर वाचताय. सेटिंग बदला, हार्डवेअरला हात लावू नका. काहीच येत नसेल तर डीबी-९ च्या पिन २-३ अदलाबदल करून बघा (मेल-फिमेल ॲडॅप्टर मधे घुसवला की हे होतंच), आणि तरीही शांतता असेल तर यंत्र हँडशेकची (समोरचा तयार असल्याच्या खुणेची) वाट बघत असेल. यंत्राच्या बाजूला ७-८ आणि १-४-६ शॉर्ट करून बघा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. अर्थिंग नसलेल्या चार्जरवर लॅपटॉप असेल तर त्याचं ग्राउंड चार्जरमधल्या कपॅसिटरमुळे मेनच्या अर्ध्यावर, शंभरेक व्होल्टवर तरंगत असतं. करंट किरकोळ, पण डेटाची वायर आधी टेकली तर आरएक्स पिन मरायला तेवढा पुरतो. आधी ग्राउंड जोडा, मग डेटा. कारखान्यात जाताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

आता जे बोर्ड घ्यायची गरजच नाही त्याबद्दल. यूआर्ट एकदिशी लाइनींचं असतं, त्याला दोन्हीकडे चालणारा शिफ्टर लागत नाही. ५ वरून ३.३ ला दोन रेझिस्टर पुरतात: मालिकेत २.२ किलोओहम, ग्राउंडला ३.३ किलोओहम, बरोबर ३.० व्होल्ट मिळतात. ३.३ वरून ५ ला, समोर उनोचा एटीमेगा३२८पी असेल तर त्याला ‘एक’ समजायला ३.० व्होल्ट लागतात. थेट जोडलं तरी चालतं, पण हातात फक्त ०.३ व्होल्टची ढील राहते. समोर ७४एचसी मालिकेतली लॉजिक चिप असेल तर ३.५ लागतात आणि थेट जोडणी नशिबावर. तिथे ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी१२५ ही बफर चिप लावा, तिला २.० व्होल्ट पुरतात. इनेबलच्या पिना १, ४, १० आणि १३, वापरायच्या गेटची ग्राउंडला बांधा, नाहीतर आउटपुट मुकाच राहील. लांब केबलवर यूआर्टसाठी आमची पसंती हीच, मॉस्फेटच्या बोर्डापेक्षा कितीतरी वरची, आणि किंमत जवळपास तेवढीच.

५ वरून खाली यायला ७४एचसी४०५० ही बफर चिप छान. ३.३ वर चालवली तरी तिचे इनपुट ५ व्होल्ट आरामात सोसतात. फक्त सप्लायची पिन नेहमीसारखी १६ नाही, १ आहे, ग्राउंड ८ वर, आणि १६ मोकळी. साधी सीडी४०५० मागितलीत तर तीही मिळेल, पण ३.३ वर ती बरीच सुस्त पडते, म्हणून एचसी असं स्पष्ट सांगूनच घ्या.